चिंचोटीची फुकट सहल

“बस थांबवा! मला इथंच उतरायचंय,” मागच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ ओरडले.

ड्रायव्हरने बस थांबवली नाही. पुढे माइक धरून बोलत असलेला हर्षवर्धन मात्र थांबला. तो स्वतःचीच गोष्ट सांगत होता. मनवेलपाड्यात छोटंसं सायबर कॅफे, मग अर्नाळ्याच्या खोल्यांचं इंटरनेटवर बुकिंग, मग चिंचोटीच्या सहली आणि आता, २००३ साली, ‘सहलघर डॉट कॉम’वरून घरं. रविवारी धबधबा पाहा, वडापाव खा, परतताना सॅम्पल फ्लॅट बघा. सगळं फुकट.

“काय झालं, काका?”

“हे काय आहे?” म्हाताऱ्यांनी वेबसाइटवरून छापून आणलेलं पान फडकवलं. “इमारतीपुढे पोहायचा तलाव. गॅलरीतून धबधबा दिसतो म्हणे! धबधबा मागे राहून किती वेळ झाला? बघा बरं खिडकीतून, कुणाला दिसतोय? माणसं पै पै जोडून घर घ्यायला येतात आणि तुम्ही त्यांना चित्रं विकता? लाज नाही वाटत?”

बसमध्ये कुजबूज सुरू झाली. संपदाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या मनात हेच होतं, पण बोलायचा धीर झाला नव्हता. ती आणि विघ्नेश लालबागला दिरांच्या बिऱ्हाडात पडदा लावून राहत होते. घरासाठी तिने आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्याखेरीज विकण्यासारखं काही नव्हतं. हे घर फसलं तर दुसरं होणार नव्हतं.

हर्षवर्धनने मान खाली घातली. “काका, तुमचं बरोबर आहे. चित्र चुकीचं आहे.” त्याने सगळ्यांदेखत मोबाइल लावला. “अल्पेश, वेबसाइटवरचा तलाव काढ. आत्ताच्या आत्ता. धबधब्याची ओळही.”

“चूक कबूल करणारा बिल्डर पहिल्यांदाच पाहतोय बुवा,” विघ्नेश हळूच म्हणाला.

“कबूल करून काय उपकार केलेत?” म्हातारे आणखीच तापले. “पोटचा मुलगा असतास ना, तर कानाखाली आवाज काढला असता!”

सगळे हसले. हर्षवर्धनही हसला. “काढा ना, काका. मुलगाच समजा.”

साइटवर उतरताना त्याने पुढे होऊन त्यांचा डावा कोपर धरला. “सोडा हात,” ते खेकसले. पण पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

इमारतीमागे पाण्याचा टँकर उभा होता. “बांधकामासाठी,” हर्षवर्धन म्हणाला. म्हाताऱ्यांचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“खारट नाहीय,” ते नाइलाजाने म्हणाले.

मग त्यांनी जमिनीचे कागद मागितले. चष्मा पुसून एकेक पान वाचलं. कोणी घाई केली नाही. “कागद बरोबर दिसतात,” असं म्हणून त्यांनी गठ्ठा परत दिला, तो मात्र आपटून.

कुंपणापाशी भाजीची पाटी घेतलेली एक बाई उभी होती. तिने संपदाला खुणेने जवळ बोलावलं.

“पोरी, पावसात येऊन बघ हितं. कंबरभर पानी असतं. आमची भाताची शेतं होती ही. गेल्या साली तर...”

“शकूबाई, चला बाहेर!” वॉचमन ओरडला.

“थांब रे! बोलू दे तिला!” म्हातारे काठी आपटत आले. “ऐकलंत का सगळ्यांनी? कंबरभर पाणी! आता द्या उत्तर! बोला! गप्प का?” त्यांचा आवाज इतका चढला की शकूबाईचं पुढचं वाक्य कोणालाच ऐकू गेलं नाही.

“बाई खोटं बोलत नाहीत,” हर्षवर्धन शांतपणे म्हणाला. “पाणी भरायचंच. म्हणूनच एवढा भराव घातलाय. तपासा, काका.”

म्हाताऱ्यांनी काठीने भराव टोचला. इथे टोचला, तिथे टोचला. शेवटी काठी बगलेत धरून ते बाजूला झाले. “पक्का आहे,” एवढंच म्हणाले.

शकूबाई पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली होती.

ऑफिससमोर रांग लागली. संपदा आधी म्हाताऱ्यांकडे गेली. ते एकटेच सावलीत बसले होते.

“काका, तुम्ही होतात म्हणून आमचा धीर झाला. आम्हाला हे विचारताच आलं नसतं. आईच्या पाटल्या मोडून घेतोय हो.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “घाई करू नये, बाळ,” ते पुटपुटले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका लहान झाला होता.

“तुम्ही एवढं पारखून घेतलंत, आणखी काय बघायचं?” ती हसून म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. विघ्नेशने चेकवर सही केली.

वसई स्टेशनपाशी बस रिकामी झाली. तिकीट खिडकीशी पोचल्यावर संपदाला आठवलं, डबा सीटखालीच राहिला. विघ्नेशला रांगेत थांबवून ती परत फिरली. बसचं दार उघडंच होतं.

मागच्या बाकावर म्हातारे बसले होते. त्यांच्या पायजम्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केलेला होता आणि हर्षवर्धन खाली बसून त्यांच्या गुडघ्याला मलम चोळत होता.

“त्या पोरीनं आईच्या पाटल्या मोडल्यात रे,” म्हातारे म्हणत होते.

“बाबा,” हर्षवर्धन मान वर न करता म्हणाला, “पुढच्या रविवारी ते कानाखालचं वाक्य बसमध्ये नको, साइटवर घ्या. लोक तिथल्या तिथे चेकबुक काढतील.”