पंचांशिवाय

गावपोलिसांचा जुना कायदा बदलला आणि माले गावातल्या तुळजाबाईंचा जीव भांड्यात पडला. आधी पोलीस पाटलाला काही सांगायचं, तर दोन पंच समोर बसवावे लागत, आणि सांगणारा घरी पोचायच्या आत त्याचं नाव गावभर झालेलं असे. आता ते फक्त पाटलाच्या पोटात राहणार होतं.

म्हणून तर इतके दिवस गिळून बसलेली गोष्ट सांगायला त्या भरदुपारी एकनाथ पाटलाच्या घरी गेल्या. त्यानं आदबीनं खुर्ची दिली, दार लोटून घेतलं.

"बोला काकी. भिंतीलाबी कळायचं न्हाई."

"जमिनीच्या मोजणीला आलेला तो पोरगा हरवलाय न्हवं? त्याला पुरताना म्या बघितलंय. वरच्या रानात. दोघं हुते, तोंडं काय दिसली न्हाईत."

"हे आनखी कुनाला बोललाय?"

"पोटच्या लेकालाबी न्हाई. तुमालाच पयल्यांदा."

पाटील जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "त्या फणसाखाली तुमी कशाला गेलता, काकी?"

तुळजाबाई खुर्चीतून उठल्या. फणसाचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं.

"पाटील," त्या कशाबशा म्हणाल्या, "दोन पंच बोलवा. मला जुन्याच कायद्यानं सांगायचं हाय."

"त्यो कायदा आता ऱ्हायला न्हाई, काकी," एकनाथ म्हणाला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.