ओटीची साडी

मेघाची सहा महिन्यांची लेक आईच्या कामाच्या ठिकाणी, जिनिंग मिलमध्ये, कापसाच्या ढिगाआड झोपायची, नाकातोंडात रुई जाऊन खोकत उठायची. बायकांनी पाळणाघर मागितल्यावर शेठ हसला, "उद्या झोपाळेही मागाल!" आता तोच नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा, आणि शेठाणी हळदीकुंकवाला बोलावून प्रत्येकीची साडीनं ओटी भरत होती. "मत देताना ओटीला जागा हं, बायांनो." भरलेली ओटी कोण परत करणार? रडकुंडीला आलेली मेघा साडी घेऊन धुरपदाअक्काकडे गेली. अक्का जिनिंगचीच कामगार, युनियननं शेठविरुद्ध उभी केलेली. "परत कशाले करस? उद्या बठ्ठ्याजणी साड्या लईसन गेटवर या." सकाळी शेठची गाडी आली, तेव्हा बंद गेटाच्या गजागजाला नव्याकोऱ्या साड्यांच्या झोळ्या बांधलेल्या होत्या, झोळीझोळीत लेकरं. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. मेघा पदर खोचून गाडीसमोर आली. "बंद कर तो भोंगा! मनी पोर झोपेल शे. पहिल्यांदा, न खोकता."