दोन पुरे

ताऱ्यांचं क्ष-किरणांतलं तेज कसं कमीजास्त होतं, यावर नजर ठेवायचं रत्नपालचं काम. बायको करुणा वारल्यापासून सेनगावच्या घरात तेवढंच चालू होतं. आज त्याने उपग्रहाची वर्षभरापूर्वीची एक नोंद आवाजात बदलून लेकीला ऐकवली.

थप, थप, थप. मग शांतता. करुणा पाण्यात हात बुडवायची, तेवढीच. पुन्हा थप.

"पप्पा, आई भाकर करून राहिली का?" ऐश्वर्याने विचारलं.

"न्हाई बाई. तारा हाय."

तो ऐकत राहिला. मग जुन्या सवयीने तोंडातून निघालं, "बस कर, दोन पुरे."

आवाज थांबला. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

"अन् माझी?" ऐश्वर्या म्हणाली.

स्पीकरमधून थप, थप, थप आलं. मग पाण्यात हात बुडाल्याचा आवाज.