म्हाळूची हाक

सुनेनं मेलेल्या सासऱ्याची नक्कल करावी, हे बायडाबाईला मुळीच खपत नव्हतं. "बाप्याचा घोगरा गळा काढून ओरडतेस, लाज कशी वाटत नाही?" असं ती हौसाला रोज सुनवायची.

पण हौसाचाही नाइलाज होता. मेंढ्यांच्या गळ्यातले पट्टे फक्त सासऱ्याचा, म्हाळूचा आवाज ओळखत. त्या आवाजानं घातलेली हद्द मेंढी ओलांडू लागली की पट्टा झटका देई. पट्ट्यांत आणि ते चालवणाऱ्या डबीत मिळून आवाज एकच मावे. नवा भरला की जुना पुसला जाई. आणि डबीवर बायडाबाईच्या अंगठ्याशिवाय नवा भरता येत नसे. ती अंगठा देत नव्हती, कारण दिवस कलला की पट्ट्यांतून म्हाळूची हाक उठे, "चला गं बायांनो, माघारी."

आज डोंगरात ढगफुटी झाल्याचा सांगावा आला. कळप नदीकाठी होता. हौसा हद्द मोडायला ओरडत होती, पण भीतीनं तिचा आवाज चिरकत होता आणि पट्टे तो मानेनात. मेंढ्या जागेवरच थरथरत होत्या.

बायडाबाईनं कनवटीतली डबी काढली. ती कानाशी धरून नवऱ्याची हाक एकदा ऐकली, आणि अंगठा दाबला.

"बोल, तुझ्या गळ्यानं."

हौसानं चाचरत हाक घातली. कळप टेकडी चढू लागला, तशी ती रडायला लागली. "आत्याबाई, मामंजी गेले हो पुसून."

"गप. बाप्याचं सोंग तुला कधी जमलंच नाही," बायडाबाई तिचे डोळे पुसत म्हणाली. "हाच गळा बरा हाय. आजपासनं कळप तुझा. अन् मलाबी काय सांगायचं, ते ह्याच गळ्यानं सांगायचं. ऐकीन मी."