भूशास्त्राची शेवटची तुकडी

"विद्यार्थी मिळेनात म्हणून विभाग बंद पडला, एवढं एक वाक्य लिहा," कुलसचिव म्हणाले. "पन्नास वर्षांच्या इतिहासात तेवढं पुरे."

"विद्यार्थी चौदा होते, सर," इतिहासाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कुबट वासाची वही काढून टेबलावर ठेवली.

विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची कीवच केली होती. पण बाई चिवट. तीन आठवडे तळघरातल्या दफ्तरात धूळ खात बसल्या आणि भूशास्त्राच्या कपाटामागे त्यांना ही वही सापडली. शेवटच्या तुकडीचा प्रकल्प. गावाच्या डोक्यावर जे धरण आहे, त्याच्या डाव्या डोंगराची पाहणी. 'खडक आतून फुटलेला आहे. भेग दरवर्षी रुंदावते आहे.' वही दिली त्याच महिन्यात प्राध्यापक निलंबित झाले होते. पुढच्या वर्षी विभागाला कुलूप.

कुलसचिवांनी शेवटचं पान उघडलं. चौदा सह्या होत्या. त्यांचं बोट पाचव्या सहीवर थांबलं.

"ही माझी," ते म्हणाले.

बाईंनी वाकून सही पाहिली.

"आम्हा सगळ्यांकडून लिहून घेतलं, की मोजमाप चुकलं म्हणून. सगळ्यांत आधी मी लिहून दिलं. मग इथेच नोकरीला चिकटलो."

"आणि चुकलं होतं का?"

"नाही."

बाहेर शिपाई कोणाशी तरी हसत बोलत होता. पंख्याखाली वहीची पानं फडफडली, तशी कुलसचिवांनी त्यांवर हात ठेवला.

"लिहून डोंगर सांधणार आहे का, बाई?"

"डोंगर नाही सांधणार. माणसं तरी उठून जातील." बाई म्हणाल्या. "सगळा मजकूर मी सकाळीच छापखान्यात देऊन आले आहे, सर. सह्यांसकट."

आता हे भडकणार, असं त्यांना वाटलं. ते भडकले नाहीत. खुर्चीत मागे टेकून बसले.

"माझी माणसं मी केव्हाच इथून हलवली," ते म्हणाले. "तुम्ही राहता कुठे?"

"नदीकाठी. शाळेच्या मागे. आई असते सोबत."

कुलसचिवांनी वही मिटून हलकेच त्यांच्याकडे सरकवली.

"घर भाड्याचंच आहे ना? लगेच सोडता येईल?" त्यांनी विचारलं.