साक्षीचं एक मिनिट

"आधीच सांगते अप्पा, तलफ असेल तर मी तलफच सांगणार," शर्वरी म्हणाली.

"त्यासाठीच तुला आणलंय," वडील म्हणाले. "मला स्वतःला आता फरक कळत नाही."

औषधाच्या दुकानदाराने एक पट्टा अप्पांच्या मनगटावर बांधला, दुसरा तिच्या. कडक वेदनाशामक गोळ्या हव्या असतील, तर घरच्या एकाने रोग्याच्या शरीरातलं सगळं एक मिनिट स्वतः सोसून साक्ष द्यायची, असा नियम होता. सहा वर्षांपूर्वी दाढदुखीची खोटी सबब सांगून घेतलेल्या याच गोळ्यांचं अप्पांना व्यसन लागलं होतं. ते सुटायला दीड वर्ष गेलं. आता महिनाभर दर रविवारी ते तिच्याकडे येऊन कंबर दुखते म्हणत, आणि शर्वरी न ऐकल्यासारखं करून चहा ठेवत असे.

बटण दाबताच तिच्या कमरेपासून टाचेपर्यंत तापलेली सळई फिरली. तिने काउंटर घट्ट धरला. मग त्या दुखण्याखाली आणखी काहीतरी जाणवलं. घसा कोरडा पडला आणि नजर आपोआप गोळ्यांच्या कपाटाकडे गेली.

मिनिट संपलं.

"दुखणं की तलफ?" दुकानदाराने विचारलं. "एकच लिहायचं."

तलफ लिहिली की गोळी मिळत नसे. अप्पा जमिनीकडे बघत होते.

"दुखणं," ती म्हणाली. "पाकीट मात्र माझ्याकडे द्या."

"दुसरंही होतं ना?" अप्पांनी हळूच विचारलं.

"होतं." तिने पाकीट पर्समध्ये टाकलं. "पण अशी कंबर घेऊन दर रविवारी माझे तीन जिने चढत होतात? एकदा ओरडायचं तरी, अप्पा."