पाळण्याशेजारचं लिनक्स

“पाहुणे, तुमचं ते आर्च म्हणजे रोज उठून घराची दुरुस्ती काढण्यासारखं आहे. माणसाने राहायचं कधी?”

तिचा दीर असं म्हणाला आणि तिच्या भावाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“आणि तुमचं डेबियन? सगळं मिळतं, फक्त शिळं मिळतं.”

टेबलावर तिचा जुना लॅपटॉप तोंड वासून पडला होता. तो चालवायला त्यावर कुठलं लिनक्स टाकायचं, आर्च की डेबियन, एवढाच प्रश्न होता. दोन्ही फुकट, दोन्ही चांगली. “वहिनी, अर्ध्या तासाचं काम,” म्हणत एक आला होता, “ताई, चहा होईपर्यंत उरकतो,” म्हणत दुसरा. चहाचे कप विसळून पालथे घालून झाले, तरी लॅपटॉप होता तिथेच.

तिने त्याचा नाद सोडला. मुलाखत फोनवरच द्यायची. बाळंतपणानंतर ऑफिस तिला परत घेणार की नाही, ते आज दुपारी मॅडम ठरवणार होत्या. मागच्या खेपेला त्यांचा फोन आला तेव्हा लेकीने असा टाहो फोडला, की “आधी घरचं बघा तुम्ही,” म्हणून मॅडमनी तो ठेवून दिला. आता पुन्हा संधी मिळणार नव्हती. आणि लेकीला दात येत होते. अंगाई, खुळखुळा, खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या, कशालाच ती बधत नव्हती.

या घटकेला मात्र ती आतल्या खोलीत, पाळण्यात, चक्क झोपली होती. मूठ गालाखाली, ओठ जरासे उघडे. नुसतं बघत बसावं असं.

“जरा हळू भांडा,” ती दाराशी येऊन म्हणाली. “कसाबसा डोळा लागलाय तिचा.”

दोघं ओशाळून गप्प झाले. लगेच पाळण्यात चुळबुळ सुरू झाली. इवल्याशा भुवया आक्रसल्या. ती आत वळून थोपटू लागली.

“पण सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनमध्ये वेळेवर येतात, हे तरी मान्य कराल?” दिराला राहवेना.

“येतात की. बाकी काही नवं हवं असेल, तर पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसा.”

दोन्ही आवाज एका लयीत खाली-वर होत राहिले. भुवया सैल पडल्या. आपल्या थोपटण्याचा गुण, असं तिला वाटलं.

मग भलतंच घडलं. दोघांचं एकमत झालं.

“दोन्ही राहू देत, उबुंटू टाकून देऊ,” भाऊ म्हणाला. “ताईला सोपं पडेल.”

“पटलं बुवा,” दीर म्हणाला.

घर चिडीचूप झालं. आणि पाळण्यातून हुंदका आला. मागोमाग दुसरा, त्याहून मोठा. ती थोपटत राहिली; छे, काही उपयोग नाही. हातातला फोन थरथरू लागला. मॅडम.

तिने पाळण्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीतल्या त्या दोन समंजस, समाधानी चेहऱ्यांकडे पाहिलं. नवऱ्याने एकदा जेवताना एक नाव काढलं होतं, तेव्हा भांडता भांडता याच दोघांचे हात ताटातच वाळले होते. ते नाव आठवत ती दारात आली आणि जमेल तितक्या भोळेपणाने म्हणाली,

“भाऊजी, पण लिनक्सपेक्षा फ्रीबीएसडी बरं, असं का म्हणतात हो?”